खानदेशचा कापूस आणि टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या

धुळ्यात पत्ता विचारला की लोक आकडा सांगतात. चौथी गल्ली, पाचवी गल्ली, सहावी गल्ली. देवाचं, जातीचं, धंद्याचं नाव नाही, नुसता नंबर. आग्रा रोडला समांतर आखलेल्या या गल्ल्या सरळ रेषेत जातात आणि एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी बांधलेल्या आहेत. जुन्या मराठी गावाची वाट अशी सरळ कधी जात नाही. ती पारापाशी थबकते, वाड्याला वळसा घालते. धुळ्याची आखणी एका लष्करी माणसाने केली आहे, हे गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की कळतं.

त्या माणसाचं नाव कॅप्टन जॉन ब्रिग्ज. खानदेश ताब्यात आल्यावर कंपनी सरकारने त्याला इथला कारभार दिला. त्याने १८१९ मध्ये पांझरेकाठचं धुळं मुख्य ठाणं म्हणून निवडलं. मुंबईहून आग्र्याकडे आणि सुरतेकडून नागपूरकडे जाणाऱ्या वाटा इथे जवळ येत होत्या. बाहेरून व्यापारी, कारागीर आणून त्याने नवी वस्ती वसवली. पुढे याच ब्रिग्जने फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं. एका हाताने गाव आखायचं आणि दुसऱ्याने तवारीख उलगडायची, ही त्या पिढीतल्या साहेबांची रीत होती. रीत कौतुकाची खरी, पण या नव्या राज्याची सुरुवात कशी झाली तेही सांगायला हवं.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला, त्यात खानदेशातली त्यांची ठाणी गेली. तह घडवून आणणारा होता सर जॉन माल्कम. फेब्रुवारीत जनरल हिस्लॉपची फौज तापीकाठच्या थाळनेरला आली, तर किल्लेदार तुळशीराम मामा ताबा देईना. किल्ला घेतल्यावर इंग्रजांनी त्याला फाशी दिली. थाळनेर आज शिरपूर तालुक्यात आहे, किल्ल्याचे पडके बुरूज नदीवर झुकलेले दिसतात. तिकडे पेशवाईचा मुलूख ताब्यात घेण्याचं काम माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे होतं. ब्रिग्ज त्याच्याच हाताखालचा. एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला.

माल्कम आणि एल्फिन्स्टन ही दोन नावं लक्षात ठेवा. धुळ्यापासून सव्वातीनशे किलोमीटरवर, मुंबईच्या फोर्टात, ही दोघं एकाच छताखाली भेटणार आहेत. मला ती इमारत बघायची होती, पण मुंबईकराच्या वाटेने नव्हे. मुंबईचे लेखक टाऊन हॉलबद्दल लिहितात तेव्हा चर्चगेटला उतरतात आणि पंधरा मिनिटांत पोचतात. त्या इमारतीपुढच्या मैदानावर ज्याच्या गाठींच्या थप्प्या लागत, तो कापूस मात्र फार लांबून यायचा. म्हणून कापसाच्या वाटेने जायचं ठरवलं: धुळे, जळगाव आणि मग रेल्वे.

सोबतीला आप्पा होते, माझे मामेसासरे. जिनिंग, आडत, दलाली असं सगळं आयुष्य कापसात गेलेलं. मुठीत रुई घेऊन दोन बोटांनी धागा ओढतात आणि त्याची लांबी सांगतात. इतिहासाशी आपला संबंध नाही असं ते स्वतःच सांगतात. पण खंडी म्हणजे किती, हे मला त्यांनीच शिकवलं. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. पौंड गेला, मण गेला, शेर गेला, तरी रुईचा भाव आजही बाजारात खंडीवरच बोलला जातो. मोबाइलवर भाव येतो तोही खंडीचा.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला आलं की एकाच प्रदेशातली दोन गावं किती वेगळी असू शकतात ते दिसतं. धुळं सरकारने वसवलं, जळगाव बाजाराने. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने जळगावची नोंद अमेरिकन युद्धाच्या काळातली मोठी कापूसपेठ अशी केली आहे. युद्ध संपून भाव पडल्यावर गावाला जबर फटका बसला, हेही तिथेच लिहिलं आहे. १८६३ मध्ये चाळीसगावपासून भुसावळपर्यंत रेल्वेचे रूळ आले आणि त्या रुळांवर जळगाव उभं राहिलं. धुळ्याला मुख्य ठाणं असूनही रेल्वेची वाट पाहावी लागली. चाळीसगावहून फाटा निघाला तो थेट १९०० साली. कलेक्टर धुळ्यात आणि पैसा जळगावात अशी वाटणी तेव्हापासूनची. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा कागदाने ती मान्य केली इतकंच.

जळगावच्या स्टेशनाजवळ खानदेश मिल होती. मुंबईच्या मुळजी जेठा यांच्या पेढीने १८७० च्या दशकात उभी केलेली ही सूत-कापडाची गिरणी. मुंबईच्या काळबादेवीजवळचं मुळजी जेठा मार्केट ज्यांच्या नावाचं, तेच हे घराणं. जळगावातलं एम. जे. कॉलेजही त्यांच्याच नावाने चालतं. गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर व्यापारी संकुल आलं. शहराच्या कडेला जिनिंग-प्रेसिंगची आवारं अजून दिसतात. सरकीचा तेलकट वास, हवेत तरंगणारे रुईचे पुंजके, पत्र्याच्या शेडखाली रचलेल्या गाठी. काही आवारांतून आता प्लॉट पडले आहेत. आप्पा एकेका प्लॉटकडे बोट दाखवून इथे कोणाचा जिन होता ते सांगत होते. मी लिहून घेत होतो, कारण ही माहिती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती.

जळगावहून मुंबईची गाडी धरली की पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड, नाशिकरोड आणि मग इगतपुरी. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत थळ घाट. प्रवासी इथे खिडकीला नाक लावून धबधबे बघतात. मला मात्र या घाटात एक तारीख आठवते. घाटातला हा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. त्याआधी वरचे रूळ इगतपुरीला येऊन थांबत आणि खालचे कसाऱ्याला. मधल्या उतारावरून माल गाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून उतरवावा लागे. म्हणजे १८६३ आणि १८६४ ही दोन वर्षं, कापसाला सोन्याचा भाव असताना, जळगावची गाठ घाटमाथ्यावर आगगाडीतून उतरून बैलगाडीत चढत होती आणि पायथ्याशी पुन्हा आगगाडीत बसत होती.

हे सोन्याचे भाव आले कुठून? लँकेशायरच्या गिरण्या तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून घेत. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि मँचेस्टरचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. आपला कापूस आखूड धाग्याचा, कचरा फार. तरी चालेल, पण द्या, अशी स्थिती झाली. भाव कित्येक पटींनी चढले. चढत्या भावाबरोबर भेसळही चढली. रुईत सरकी, माती, पाणी मिसळून वजन वाढवण्याचे प्रकार इतके झाले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदाच करावा लागला. हे ऐकून आप्पा हसले. म्हणाले, ‘पाणी मारायची कला अजून जिवंत शे, जावईबापू.’

आणि घाट खुला झाला तो १८६५ च्या पहिल्या दिवशी. एप्रिलच्या ९ तारखेला जनरल लीने शरणागती पत्करली आणि युद्ध संपत आलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार म्हटल्यावर भाव कोसळले. खानदेशापासून मुंबई बंदरापर्यंत सलग लोहमार्ग मिळाला आणि त्या मार्गावरून नेण्याच्या मालाची किंमत गेली, यात जेमतेम तीन महिन्यांचं अंतर होतं. जळगावच्या व्यापाऱ्याचं नशीब असं घाटात अडकलं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून आम्ही चालत निघालो. जनरल पोस्ट ऑफिस मागे टाकून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेकडे गेलं की आधी रिझर्व्ह बँकेचा उंच मनोरा दिसतो. त्याच्या जवळच टांकसाळ आहे. १८२४ ते १८२९ या काळात कॅप्टन जॉन हॉकिन्स या इंजिनिअरने बांधलेली. तिच्या दर्शनी बाजूला आयोनिक खांब आहेत, म्हणजे माथ्याशी दोन्हीकडे गुंडाळी मारलेले. आत नाणी पडतात, त्यामुळे रस्त्यावरून जेवढं दिसेल तेवढंच बघायचं. देशाच्या चलनाचा कारभार गेली दोनशे वर्षं या एवढ्या पट्ट्यात बसला आहे, एवढं ध्यानात घेऊन पुढे चालायचं.

आणि मग टाऊन हॉल. रुंदी २०० फूट, उंची १०० फूट. रस्त्यापासून ३० दगडी पायऱ्या चढत जातात आणि त्यांच्या माथ्यावर आठ भक्कम खांब छत पेलून उभे असतात. खांब डोरिक पद्धतीचे. ग्रीक वास्तुकलेत खांबांचे तीन मुख्य प्रकार. डोरिक हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत साधा: माथ्यावर फुलं नाहीत, पानं नाहीत, गुंडाळी नाही, नुसती एक थाळी आणि तिच्यावर चौकोनी लादी. अथेन्सचं पार्थेनॉन याच पद्धतीचं आहे. पार्थेनॉनवरची शिल्पं लॉर्ड एल्जिनने उचलून लंडनला नेली आणि १८१६ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमकडे आली. त्यानंतर इंग्लंडात ग्रीक घाटाचं खूळ शिरलं. बँक असो, न्यायालय असो, विद्यापीठ असो, पुढे ग्रीक देवळाचा मंडप हवाच. खुळाची लाट कंपनीच्या इंजिनिअरांबरोबर इकडे आली. कोलकात्याच्या टांकसाळीचा दर्शनी मंडप तर पार्थेनॉनच्या निम्म्या मापाने बेतलेला आहे.

पायऱ्यांखाली उभे राहून आप्पांनी वर पाहिलं आणि विचारलं, ‘हाई ते देऊळ शे. देव कोठे शे?’

प्रश्न अचूक होता. ग्रीक देवळाचं पूर्ण रूप घेतलं, पण आत देवाची मूर्ती बसवायची नाही, सत्तेची कचेरी बसवायची, हीच या इमारतींची कल्पना. रुबाब देवाचा, काम कारकुनाचं. आणि आत खरोखरच मूर्ती आहेत, त्यांच्याकडे येतोच.

इमारतीची जन्मकथा मात्र या रुबाबाला शोभणारी नाही. न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉशने १८०४ मध्ये मुंबईत लिटररी सोसायटी काढली. तिला जागा हवी होती, शहरालाही सभागृह हवं होतं. १८११ मध्ये टाऊन हॉलची कल्पना पुढे आली. पैसा? सोडत काढायची ठरली, म्हणजे लॉटरी. लॉटरीचा पैसा पुरला नाही. १८२१ मध्ये काम सुरू झालं, तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टन होता. आराखडा बॉम्बे इंजिनिअर्सच्या कर्नल टॉमस काउपरचा. काम रखडत रखडत १८३३ मध्ये पुरं झालं आणि खर्चाचा मोठा भाग शेवटी सरकारने उचलला. सार्वजनिक इमारत ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या पैशात न होण्याची परंपरा आपण स्वातंत्र्यानंतर सुरू केली, असं वाटणाऱ्यांनी या बारा वर्षांकडे पाहावं. खांबांचीही एक हकिकत सांगतात. ते इंग्लंडहून जहाजाने आले, पण इथे आल्यावर नियोजित मंडपाला फार मोठे ठरले. मग संख्या कमी करावी लागली आणि उरलेले भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला गेले.

तळमजल्यावर जनरल स्टॅम्प ऑफिस आहे. फोर्टात आयुष्य काढलेल्या वकिलांना आणि दलालांना टाऊन हॉल म्हणजे मुद्रांकाची कचेरी एवढंच ठाऊक असतं. फ्लॅटचे करारनामे, भागीदारीचे कागद, शपथपत्रं यांची बाडं काखेत मारून माणसं बाजूच्या दाराने आत शिरतात आणि ३० पायऱ्यांच्या वाटेला जात नाहीत. मला ते आवडलं. इमारत वापरात असली की तिचा डौल थोडा उतरतो, पण ती वाचते.

वरच्या मजल्यावर एशियाटिक सोसायटी. मॅकिंटॉशची लिटररी सोसायटी १८३० च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि या इमारतीत आली. पुस्तकांच्या उंच कपाटांमधून, जुन्या सागवानी टेबलांमधून चालताना पाय आपोआप हळू पडतात. सोपाऱ्याच्या स्तूपातून पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरून काढलेला करंडक आणि धातुअवशेष या सोसायटीच्या संग्रहात आहेत. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची जुनी हस्तलिखित प्रत आहे, ती एल्फिन्स्टनची देणगी. मुसोलिनीने तिच्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते अशी कथा इथे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. याच ग्रंथालयाच्या आधाराने पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. दुर्गाबाई भागवतांची तर इथे वर्षानुवर्षं बैठक असे.

पण सुरुवातीची वर्षं विसरून चालत नाही. हिंदुस्थानच्या भाषा, नाणी, शिलालेख यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या या सोसायटीत हिंदी माणसाला सभासद व्हायला १८४० उजाडावं लागलं. त्या वर्षी माणकजी करसेटजींना प्रवेश मिळाला. तोवर अभ्यासाचा विषय आपण आणि अभ्यासक ते, अशी विभागणी होती.

आता मूर्तींबद्दल. आत संगमरवरी पुतळे आहेत. एल्फिन्स्टन आहे, माल्कम आहे, दोन्ही फ्रान्सिस चँट्रे या नामांकित इंग्रज शिल्पकाराचे. पुढच्या काळातला गव्हर्नर बार्टल फ्रिअर आहे. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभॉय हे आपलेही आहेत. एल्फिन्स्टनला इथे फार प्रेमाने घडवलं आहे. चेहरा विचारी, एखाद्या तत्त्वज्ञाचा वाटावा असा. माल्कमचा बांधा धिप्पाड. मंदसोरच्या तहावर ज्याचा हात फिरला आणि ज्याच्या अमलाखाली खानदेशची घडी बसली, ते दोघे असे शुभ्र दगडात उभे आहेत. थाळनेरच्या तुळशीराम मामाचं चित्रसुद्धा कुणाजवळ नाही. मी आप्पांना दोघांची ओळख करून दिली. थोडा वेळ पाहून ते म्हणाले, ‘देव सापडला.’

बाहेर येऊन पुन्हा पायऱ्यांवर बसलो. १८५८ च्या १ नोव्हेंबरला व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला आणि कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झालं. आता तिथे कॉलेजची मुलं सेल्फी काढतात आणि अधूनमधून सिनेमावाले न्यायालयाचा देखावा म्हणून याच खांबांचं चित्रण करतात.

समोर वर्तुळाकार बाग दिसते आणि तिच्याभोवती एकाच घाटाच्या, कमानींच्या इमारतींचं कडं. हे हॉर्निमन सर्कल. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव त्याला स्वातंत्र्यानंतर मिळालं, आधी ते एल्फिन्स्टन सर्कल होतं. आणि त्याच्याही आधी, जेव्हा टाऊन हॉल नुकताच उभा राहिला होता, तेव्हा इथे नुसतं मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. त्या मैदानावर कापसाचा बाजार भरायचा. गाठींच्या थप्प्या उघड्यावर पडून असत. गुजरातेतून कापूस गलबतांनी येई आणि खानदेश-वऱ्हाडातून बैलांच्या पाठीवर, गाड्यांवर, थळ घाट उतरून. आग, धूळ, गोंधळ यांना कंटाळून १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला गेला. पुढे विसाव्या शतकात तो शिवडीच्या बाजूला गेला. हार्बर रेल्वेवरचं ‘कॉटन ग्रीन’ हे स्टेशनाचं नाव त्या वारशातून आलेलं आहे.

मला या इमारतीबद्दल जे म्हणायचं आहे ते हेच. टाऊन हॉलचं वर्णन नेहमी खांबांपासून सुरू होतं आणि पुस्तकांपाशी संपतं. समोरच्या मैदानाचा हिशेब कुणी मांडत नाही. मुंबईची पुढची भरभराट झाली ती त्या मैदानावर मांडलेल्या मालाने, आणि तो माल पिकवणाऱ्या मुलखात आमचा खानदेश होता.

कापूस कुलाब्याला गेला, पण पैशाचा खेळ इथेच राहिला. १८५५ च्या सुमारास टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल शेअरांचे सौदे करत. अमेरिकन युद्धाने मुंबईत एवढा पैसा ओतला की त्यांची गर्दी झाली. कापूस विकून आलेला पैसा बँकांच्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत जाऊ लागला. कापसाच्या राजाची गादी प्रेमचंद रायचंदांकडे होती. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्रातून जमीन अजून वर यायची होती आणि तिचे शेअर दहा पटींनी विकले जात होते! त्याच गरम हवेत, पोलीस कमिशनर चार्ल्स फॉर्जेटच्या सूचनेवरून आणि गव्हर्नर फ्रिअरच्या पाठिंब्याने, मैदानाच्या जागी हे वर्तुळ आखलं गेलं. भोवतीचे भूखंड विकले गेले, पेढ्या आणि बँका आल्या. टाऊन हॉल आतापर्यंत एकटा उभा होता, आता त्याच्यासमोर अर्धगोलाकार दरबार भरला.

वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता १ जुलै १८६५. तोवर लिव्हरपूलचे भाव पडले होते. मुंबईत एकामागून एक पेढ्या आणि कंपन्या बुडाल्या. प्रेमचंदांचं साम्राज्य गेलं. सरकारचं पाठबळ असलेली बँक ऑफ बॉम्बेही या घसरगुंडीतून वाचली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि त्याच नावाने नवी उघडावी लागली. सावरलेले दलाल पुन्हा जमले आणि १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना केली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. टाऊन हॉलपासून दलाल स्ट्रीटवरच्या जिजीभॉय टॉवरपर्यंत चालत पाच-सात मिनिटं लागतात.

मुंबईच्या बुडालेल्यांची नावं पुस्तकांत आहेत, कोणाचं किती बुडालं तेही आहे. जळगावच्या बाजारात त्या उन्हाळ्यात काय झालं, कोणत्या आडत्याने शेतकऱ्याला दिलेली उचल वसूल करायला बैल सोडून नेले, कोणत्या गावात वाढीव भावाच्या भरवशावर लग्नं झाली आणि कर्जं राहिली, याचा तपशील कुठे आहे? गॅझेटियरमध्ये फटका बसला एवढं एक वाक्य.

दलाल स्ट्रीटवर आप्पांनी बैलाच्या कांस्य पुतळ्यासमोर फोटो काढून घेतला आणि अमळनेरची आठवण काढली. ती काढल्याशिवाय खानदेशी माणूस या रस्त्यावरून पुढे जात नाही. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या लोकांनी तेव्हा शेअर घेतले आणि विसरल्यासारखे पेटीत ठेवून दिले, त्यांच्या घरांत कोट्यवधी आले. १८६५ मध्ये शेअरांनी मुंबईला बुडवलं आणि पुढच्या शतकात त्याच बाजाराने खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाला तारलं. आप्पांच्या घरी मात्र शेअर नव्हते. ‘आमच्या बापाने कापूसच घेतला,’ ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मला धुळ्याची एक इमारत आठवत होती, तिला ना खांब आहेत ना पायऱ्यांचा डौल. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. दप्तरांच्या शोधात ते गावोगाव हिंडले, अडगळीतून कागद सोडवून आणले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड छापले आणि जे लिहिलं ते मराठीत. त्यांच्या मागे धुळ्याच्या लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि तो संग्रह जपला. समर्थांच्या बाडांसाठी शंकर श्रीकृष्ण देवांनी असाच जन्म घातला आणि त्याच गावात समर्थ वाग्देवता मंदिर झालं. कापसाचा खानदेश एवढा श्रीमंत झाला, पण कागद जपण्याचं काम धुळ्याने केलं, हे जळगावकर म्हणून मला मान्य करावं लागतं.

टाऊन हॉल बघायला जाल तर कामाच्या दिवशी जा, सुट्टीला आतला भाग मिळत नाही. आधी समोरच्या बागेत उभं राहून इमारत बघा, मग पायऱ्या चढा, आणि पुतळ्यांपाशी गेलात तर त्यांच्या खालची नावं वाचा. आणि एक काम घरी परतल्यावर करा. तुमच्या घरात, चुलत्याच्या माडीवर, बंद पडलेल्या जिनच्या कचेरीत जुन्या खतावण्या, रोजमेळ, गाठींच्या पावत्या, मुंबईच्या पेढ्यांशी झालेली पत्रं पडली असतील. वाळवी लागण्याआधी आणि प्लॉट पडण्याआधी ती धुळ्याला राजवाडे मंडळात नेऊन दाखवा. रद्दीवाल्याला देऊ नका.